बाईंना काही वाटत नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरबाई. व्यासपीठावरचे प्रशासन अधिकारी साहेब आणि कर्मचारी संघटनेचे चिटणीस. ड्यूटी बदलून घेऊन आलेल्या मेट्रनबाई. धुलाई विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो, बॉयलरवरच्या आणि भांडारातल्या बंधूंनो. आणि या सभागृहात पहिल्यांदाच पाहुणे म्हणून बसलेले माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

निरोपाच्या सभेत माणसाला स्वतःचे इतके गुण कळतात की वाटतं, निवृत्ती घ्यायची घाईच झाली. चिटणीसांनी मला धुलाई विभागाची आई म्हटलं. रजेचा विषय निघाला की याच आईला ते काय म्हणायचे, ते मी इथे सांगत नाही. सभेचे काही संकेत असतात.

मला भाषणाची सवय नाही. इस्त्रीच्या रोलरच्या आवाजात बोलायची सवय आहे, म्हणून आवाज चढला तर माइक जरा लांब करा.

मी आयुष्यभर या दवाखान्याची घाण धुतली. रक्त, पू, ओकारी, बाळंतिणींच्या चादरी, जळालेल्या माणसाच्या कातडीला चिकटलेल्या चादरी. लोक विचारतात, किळस येत नाही का? खरं सांगते, नाही येत. त्यात कुणाचा दोष नसतो. माणूस आजारी पडला की त्याचं अंग घाण करतंच. हातमोजे चढवायचे, गरम पाणी सोडायचं, संपलं.

पण मला किळस येतच नाही असं मात्र समजू नका. आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्याच आली होती.

मघाशी प्रशासन अधिकारी साहेबांनी माझ्या यजमानांची आठवण सांगितली. हे बॉयलरवर होते तेव्हा फोन उचलून म्हणायचे, “काजळ्या बोलतोय, किती वाफ हवी?” साहेबांनी यांचा आवाजही हुबेहूब काढला. सभागृह पोट धरून हसलं. मी यांच्याकडे पाहत होते. तेही हसले. त्या हसण्याबद्दल मला बोलायचं आहे. अध्यक्षबाई, आपली परवानगी आहे असं धरून चालते.

नवीन लोकांसाठी सांगते. आमची माणसं या शहरात बाहेरून आली. रंगाने काळी, केसांनी कुरळी, लांबून ओळखू येणारी. आमच्यातल्या पुरुषाला इथे काजळ्या म्हणतात, बाईला काजळी, आणि आम्ही चारजण एकत्र दिसलो की काजळे. साहेब म्हणाले, बॉयलरच्या काजळीवरून हे टोपणनाव पडलं. नाही साहेब. हे बॉयलरवर लागायच्या कितीतरी आधी आम्ही दोघं भाड्याची खोली बघायला गेलो होतो. मालकिणीने दार अर्धवट उघडलं, आम्हाला पाहिलं आणि मागे वळून आत सांगितलं, “काजळे आलेत गं. खोली गेली म्हणून सांग.” तेव्हा यांचे हात स्वच्छ होते. मुद्दाम साबणाने धुऊन गेलो होतो आम्ही.

इथे नोकरीला लागल्यावर आम्ही दोघांनी दोन वाटा धरल्या. यांचं म्हणणं, शब्द आपणच उचलायचा. आपणच स्वतःला काजळ्या म्हणायचं, येता-जाता म्हणायचं, म्हणजे समोरच्याच्या हातात काही उरतच नाही. “वापरून वापरून चिंधी होते कापडाची,” हे म्हणायचे, “शब्दाचीही होईल.”

मी म्हणायचे, “अहो, चिंधी झाली तरी अंगावर आपल्याच राहणार ना?”

“मग तू काय करणार आहेस?”

“मी ऐकणारच नाही. या कानाने आत, त्या कानाने बाहेर.”

स्वयंपाक करता करता आमचा हा वाद चालायचा. भाजी करपायची पण वाद मिटायचा नाही. बाकी संसारात आमचं पटतं, काळजी नसावी.

आणि यांची वाट फळली, असंच दिसत होतं. सगळ्या दवाखान्यात यांच्याइतकं लाडकं माणूस नव्हतं. फोनवरचं ते वाक्य ऐकायला परिचारिका उगाच फोन लावायच्या. वॉर्डात धुतलेले कपडे पोचवणारे ट्रॉलीवाले दादा तर यांचे जिवलग. दुपारचा डबा दोघांचा एकत्र. दादांच्या मुलीच्या लग्नात हे घरच्यासारखे राबले. दादा यांना काजळ्या म्हणायचे, हे दादांना तोंडाला येईल ते म्हणायचे. मलाही कधीकधी वाटायचं, चुकलंच आपलं. मेला असेल तो शब्द.

मग वाफेची नळी फुटली.

जुन्या लोकांना आठवत असेल. इस्त्रीखान्याच्या भिंतीलगतची ती नळी गळते म्हणून यांनी वरचेवर सांगितलं होतं. दुरुस्ती पुढे ढकलली जात होती. ती फुटली तेव्हा चादरी घडी करणारा एकजण तिच्या समोर होता, ट्रॉलीवाल्या दादांचा धाकटा भाऊ. हे बॉयलरवरून धावत आले, हातांनी झडप फिरवून वाफ बंद केली आणि त्याला ओढून बाहेर काढलं. यांचे दोन्ही तळहात भाजले. तो पोरगा मानेपासून कमरेपर्यंत भाजला होता.

आम्ही त्याच्यामागे जळीत विभागाच्या बाहेर गेलो. हातांना ओलं फडकं गुंडाळून हे बाकावर बसले होते. तेवढ्यात दादा आले. माझ्या यजमानांना त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काजळ्याच्या हातात बॉयलर दिल्यावर दुसरं काय होणार?”

शब्द तोच. तोंडही तेच. डबा खाताना ज्या तोंडातून तो रोज निघायचा ना, तेच. पण मी तुम्हाला सांगते, त्या मालकिणीच्या दारात तो जेवढा तापलेला होता, तेवढाच तापलेला होता. इतक्या वर्षांच्या हसण्याने त्याचं काही म्हणता काही झालं नव्हतं. आणि तिथे उभे असलेले, ज्यांना यांचा फोन आवडायचा ते सगळे, मान डोलवत होते. कुणीतरी मागून म्हणालं, “हे काजळे असेच.”

यांनी फक्त फडकं घट्ट केलं.

चौकशी झाली. नळी जुनी होती, दोष यांचा नव्हता, उलट यांच्यामुळे जीव वाचला, असं ठरलं. पोरगा बरा झाला. आज तो आपल्या भांडारात आहे, आणि त्याने माझ्याशी किंवा यांच्याशी कधी वावगं वर्तन केलेलं नाही. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

हे हातांना पट्ट्या बांधून कामावर परत आले, तर दाराशी दादा उभे. चेहऱ्यावर जुनं हसू. पाठीवर थाप मारून म्हणाले, “काय काजळ्या, बरा आहेस ना?”

आणि हे हसले.

त्या दिवशी मला जी शिसारी आली तशी कुठल्याही चादरीची आली नव्हती. दादांची आली, हसत उभ्या असलेल्या सगळ्यांची आली. यांची नाही आली. मला दिसत होतं, यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. रागवायचं तरी कुठल्या तोंडाने? कुणीही म्हणालं असतं, “अरे, तूच तर म्हणायचास.” दाराची किल्ली यांनी स्वतःच्या हाताने दिली होती, आता आत आलेल्याला कोण-तू म्हणून विचारायची सोय नव्हती.

घरी आल्यावर यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, “मला वाटलं होतं, मी त्यांच्याकडून शब्द काढून घेतोय. मी त्यांना सराव देत होतो गं.”

त्यानंतर फोनवर हे नुसतं “बॉयलर” म्हणायला लागले. लोक विचारायचे, “रुसलास का रे काजळ्या?” हे “नाही हो” म्हणायचे.

दादा, तुम्ही मागच्या रांगेत आहात. तुमचा अपमान करायला मी उभी नाही. भावाला तसं पाहून कुणाचंही डोकं फिरेल. तुम्ही मला नंतर म्हणालात, रागाच्या भरात गेलं तोंडातून. मान्य. पण मला एवढंच सांगा, रागाच्या भरात माणूस मुद्दाम बोथट सुरी शोधतो का? हाताशी असलेली सगळ्यात धारदारच उचलतो. म्हणजे ती धारदार आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. डबा खातानाही ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, यांची वाट चुकली, मग बाईंची बरोबर ठरली असणार. तेही ऐका.

माझी वाट न ऐकण्याची. ती मी शेवटपर्यंत निभावली. “काजळीबाई, चादरीला हात लावू नका, डाग पडेल,” हा विनोद मी किती जणांच्या तोंडून ऐकला याची गणती नाही. प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्यालाच सुचला. मी मान वर करत नसे. पर्यवेक्षक झाले तरी तेच. मला वाटायचं, दगडावर कितीही पाणी ओता.

गेल्या वर्षी आमच्याच लोकांतली एक मुलगी इस्त्रीखान्यात लागली. दुसऱ्याच दिवशी रोलरवरच्या एका बाईने तिला तीच हाक मारली. मुलीने हातातली चादर खाली ठेवली आणि म्हणाली, “मला असं कुणी म्हणायचं नाही.” एवढंच, शांतपणे. मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर होते. आणि ती रोलरवाली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? त्या बाईंना विचार. एवढी वर्षं झाली. बाईंना काही वाटत नाही.”

मुलगी वळली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मंडळी, माझं गप्प बसणं माझ्यापुरतं आहे असं मी समजत होते. ते साठवून ठेवलं होतं या लोकांनी, आणि आता त्या पोरीच्या तोंडावर फेकलं होतं. माझी सहनशक्ती त्यांचा पुरावा झाली होती.

मी म्हटलं, “वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं.”

कुणीतरी रोलर बंद केला. रोलरवाली म्हणाली, “बाई, मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?” प्रश्न कसा असतो बघा. उष्टं सांडणाऱ्याला कुणी विचारत नाही, पुसणाऱ्याला विचारतात, आधी का नाही पुसलं.

पुढे जे झालं ते साहेबांना माहीत आहे. तक्रार झाली. माझ्याविरुद्ध. बाईंनी विभागातलं खेळीमेळीचं वातावरण बिघडवलं. साहेबांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, अगदी सौजन्याने समजावलं. “बाई, हा शब्द आता पार बोथट झालाय हो. कुणाच्या मनात काही नसतं.”

मी म्हटलं, “मग साहेब, उद्यापासून तुमच्या केबिनच्या दारावर तुमच्या नावाआधी तोच लावू या का?”

साहेब, तुमचा चेहरा मला आठवतोय. तुम्ही पटकन पाण्याचा पेला उचललात. गोऱ्यापान माणसाच्या दारावर, नुसता गंमत म्हणून लावायचा म्हटला तरी तुम्हाला पाणी प्यावं लागलं. बोथट झालेल्या शब्दाला कुणी इतकं घाबरतं का? आणि आज तुम्ही याच माइकवरून, माझ्या यजमानांच्या समोर, नक्कल करून दाखवलीत. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला सगळं समजलं होतं. समजून केलंत. मला किळस येते ती याची.

काही सुधारलं का, असं विचाराल तर फारसं नाही. माझ्यासमोर तो शब्द निघेनासा झाला, पाठीमागे निघतो. रोलरवाली माझ्याशी बोलत नाही. पण ती मुलगी आजही त्याच टेबलावर आहे, आणि कुणी हाक मारली तर चादर खाली ठेवते. तिने हसण्यावारी न्यायला सुरुवात केलेली नाही. मला तेवढं पुरेसं आहे. ज्यांना तिच्या ताठ मानेचा त्रास होतो त्यांनी तो सोसावा. आम्ही बराच सोसला.

निरोपाची सभा, आणि मी हे काय काढून बसले, असं काहींना वाटत असेल. चहा निवतोय हेही दिसतंय मला. आटोपतं घेते.

या दवाखान्याने मला काम दिलं, पोरांची शिक्षणं झाली, मैत्रिणी मिळाल्या, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अध्यक्षबाईंनी वेळ काढला, चिटणीसांनी समारंभ उभा केला, भांडारातल्या मंडळींनी या खुर्च्या लावल्या, सर्वांचे आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द मागेपुढे झाले असतील, रोलरच्या सवयीने आवाज चढला असेल, तर पदरात घ्या. जे बोलले त्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

जाण्याआधी एक विचारते. यांनी या आवारात उभी हयात काढली. तुम्ही यांच्या फोनवर हसलात, यांच्या वाफेवर तुमच्या चादरी वाळल्या, तुमच्यातल्या एकाला यांनी मरणातून ओढून काढलं. यांचं नाव काय आहे? ज्यांना ठाऊक असेल त्यांनी हात वर करा.

मागे कुणी आहे का? साहेब, तुम्ही?

ती इस्त्रीखान्यातली मुलगी. एकच हात. ठीक आहे, खाली घे बाळ.

नाव मी माइकवरून सांगणार नाही. आता चहा आहे. हे दाराजवळच उभे राहतील. एकेकाने जवळ जा आणि विचारा.

नमस्कार.