डबा संपला की

सावळाराम : ...बत्ती चांगली हाय गो, बत्तीला काय नाय झालं. गॅसचा डबा संपला, एवढंच सांगायला फोन केला.

हर्षाली : परत? बाबा, संक्रांतीच्या आधी दोन पाठवले होते ना देवजीमामाबरोबर?

सावळाराम : पाठवलेस. दोन्ही संपले.

हर्षाली : तू गॅस जाळतोस की पितोस?

सावळाराम : तुझी आय पण हेच विचारते.

हर्षाली : चावी बारीक ठेवत जा. शेतावरचे पाहुणे तंबूत शिरले की बंद करायची. एवढीशी तर बत्ती आहे, किती खाणार ती.

सावळाराम : मुंबयचे पावणे कुठं लवकर शिरतात तंबूत. तंबू ठोकण्यातच त्यांची संध्याकाळ जाते. खुंटी कुठल्या बाजूला वाकवायची यावरनं भांडणं. मी आपली बत्ती आंब्याला टांगून ठेवतो, चारी तंबूंवर उजेड पडतो.

हर्षाली : त्यांच्याकडे बॅटऱ्या असतात की.

सावळाराम : असतात ना, कपाळाला बांधलेल्या. ज्याच्याकडं बघतील त्याचे डोळे फुटतात. माझ्या बत्तीखाली बसले की गप काढून ठेवतात. मागच्या खेपेला एक पोरगी बोलली, काका, ही कुठून घेतली? मी बोललो, माझ्या मुलीनं दिली, मुंबयवरनं.

हर्षाली : मी तुला ती दुसरी घे सांगत होते. छोट्या सिलेंडरवरची. मुरबाडला भरून मिळाली असती, कोणाची वाट बघायला नको.

सावळाराम : ती जड होती.

हर्षाली : भाताचं पोतं पाठीवर घेतोस आणि ती जड?

सावळाराम : पोतं पाठीवर असतं, बत्ती हातात धरायची असते. तुला आठवतं का, दुकानदारानं कशी दाखवली? पाय मिटले, काच आत सारली, न माझ्या मुठीत ठेवली. घुबडाच्या पिलासारखी.

हर्षाली : आणि त्यानंच सांगितलं, हिचे डबे मुंबईबाहेर मिळायचे नाहीत, गावाकडचे असाल तर घेऊ नका. विकणारा माणूस घेऊ नको म्हणतो तेव्हा ऐकावं, बाबा.

सावळाराम : दुकानदार बोलतात काय पण. जेवलीस?

हर्षाली : जेवेन आता. ऑफिसात आहे.

सावळाराम : पुस्तक पुढ्यात ठेवून जेवशील. घास कुठं जातो ते पण बघत नाय तू, लहानपणापासून.

हर्षाली : तोंडातच जातो.

सावळाराम : करमतं ना तिकडं?

हर्षाली : हो, करमतं की.

सावळाराम : नवीन खोली कशी हाय?

हर्षाली : छान आहे. आसनगाव स्टेशनच्या जवळच. खिडकीतून वारा येतो. शेजारच्या बाई मायाळू आहेत, काही केलं की आणून देतात.

सावळाराम : मंग बरं. करमतंय तं बरं हाय.

हर्षाली : शनिवारी पाहुणे आहेत ना तुझ्याकडे? मी आज ऑफिस सुटल्यावर मुंबईतूनच डबे घेते. उद्या सकाळी शहापूर स्टँडवर देवजीमामाच्या हातात देते. संध्याकाळपर्यंत तुला मिळतील.

सावळाराम : देवजीला कशाला तरास? तो कंडक्टर माणूस, तिकिटं फाडील की तुझे डबे सांभाळील.

हर्षाली : मग काय करू?

सावळाराम : काय नाय. ...बांधावरच्या वालाला शेंगा भरल्यात यंदा. पावण्यांना मिठात उकडून देनार हाय. तुला आवडतात म्हणून आपलं सांगितलं.

हर्षाली : मग देवजीमामाकडेच दे ना थोड्या. परतीच्या गाडीला देईल मला.

सावळाराम : देतो.

हर्षाली : विसरशील.

सावळाराम : नाय विसरत. देतो ना.

हर्षाली : मागे कोण ओरडतंय?

सावळाराम : धाब्यावर ट्रकवाला उभा हाय, त्याला फोन पायजे. ठेवतो मी. डबा संपलाय, एवढं ध्यानात ठेव.

हर्षाली : ठेवते, बाबा.

(सावळारामचे दिवसकार्य उरकल्यावर. टोकावड्याजवळच्या वाडीतलं घर. नातेवाईक परतले आहेत. तिन्हीसांजा.)

कमळ : आत कशाला बसलीस अंधारात? ओट्यावर ये.

हर्षाली : कोपरा बघत होते, आई.

कमळ : दिवा उचलला ना काल. त्याला निजवला होता तिथं इतके दिवस तेवत होता, तं कोणतरी बसलंय असं वाटायचं. मी भाकऱ्या करताना बोलायचे पण त्याच्याशी. तुझी काकू बोलली, कार्य झालं, आता ठेवू नये.

हर्षाली : तिथं दुसरा लावला तर चालेल?

कमळ : उजेडाला कोण नाय बोलतंय.

हर्षाली : बाबाची बत्ती लावू?

कमळ : माझी सवत. बघ, खुंटीवर कशी बसलीय. तिच्या काचेला येगळं फडकं होतं, मऊ. माझ्या डोळ्यात चुलीचा धूर गेला तं कधी धोतराचं टोक नाय दिलं मला.

हर्षाली : तू पण रोज भांडायचीस तिच्यावरून.

कमळ : भांडायचे. आता कुणाशी भांडू? घे, काढ. पन हळू, श्वास धरून काढ. आतली जाळी जळलेली हाय, धक्का लागला की राख होऊन पडते.

हर्षाली : माहीत आहे मला. मेंटल म्हणतात त्याला. दुकानात बाबाच्या हातूनच ते बांधून, जाळून घेतलं होतं. जळून काळं पडलं तेव्हा केवढा घाबरला होता. म्हणाला, घ्यायच्या आधीच मोडली. मग पांढरं झालं तेव्हा हसला. ...थांब, डबा बदलायला हवा. माझ्या पिशवीत आहेत.

कमळ : कसले डबे?

हर्षाली : बत्तीचे. देवजीमामाकडे द्यायला निघाले होते त्या सकाळी. स्टँडवर पोचले आणि तुमचा निरोप आला. तसेच राहिले पिशवीत. फोन केला होता ना त्यानं, डबा संपला म्हणून.

कमळ : संपला नव्हता.

हर्षाली : म्हणजे?

कमळ : हलवून बघ.

हर्षाली : ...आत आहे. खळखळतंय.

कमळ : अर्धा तरी असंल.

हर्षाली : मग मला संपला का म्हणाला?

कमळ : संपवायच्याच मागं होता. भर दुपारी बत्ती लावून बसायचा हितं, ओट्यावर. मी बोलले, अरे, सूर्यनारायण डोक्यावर हाय न तू बत्ती लावतोस, वाडी हसते. शेजारचा लडकू तं येता-जाता विचारायचा, सावळादादा, ऊन नीट दिसत नाय का? तं याचं आपलं एकच. भोसकून बसवलेला डबा हाय, संपल्याबिगर काढता येत नाय.

हर्षाली : ते खरं आहे. पण काढायची घाई कसली होती त्याला?

कमळ : तुला खरंच कळत नाय? एवढी पुस्तकं वाचतेस.

हर्षाली : नाही कळत. सांग.

कमळ : बत्ती घेऊन आला त्या दिवशी घरात पाय ठरंना त्याचा. मी विचारलं, हिचा डबा कुठं मिळंल? बोलला, हितं कुठंच नाय. मुरबाडला नाय, शापूरला नाय, धसईच्या बाजारात तं नायच नाय. असा बोलला, जसं काय बैल जिंकून आलाय. मी बोलले, मंग दुसरी नव्हती का दुकानात? बोलला, होती. ती मुरबाडला भरून मिळते. मुरबाडला मीच गेलो असतो. हिचा डबा संपला की पोर घेऊन येईल.

हर्षाली : म्हणून हीच घेतली त्यानं?

कमळ : पहिल्या डब्याला आलीस तू. राहिलीस दोन दिस. मंग देवजी यायला लागला.

हर्षाली : मला वाटलं, बाबाची अडचण नको व्हायला. म्हणून दोन-दोन पाठवायचे.

कमळ : दोन बघितले की तोंड उतरायचं त्याचं. देवजीला चहा द्यायला पण विसरायचा. मंग मी द्यायचे.

हर्षाली : मला नुसतं ये म्हणाला असता तर आले नसते का मी?

कमळ : कसा बोलंल? दर फोनला विचारायचा, करमतं का. तू बोलायचीस, करमतं. घरी येऊन मला सांगायचा, पोरीला करमतंय, खोलीत वारा येतो, शेजारीण भली हाय. आपण कशाला मधी पडायचं. ज्याला करमतंय त्याला ये कसं बोलायचं, सांग तू.

हर्षाली : त्या दिवशी फोन करून आल्यावर काय म्हणाला?

कमळ : काय नाय. बोलला, देवजीच्या हाती येतात. मंग बांधावर गेला, शेंगा काढल्या. तुझ्या येगळ्या बांधल्या फडक्यात, कवळ्या कवळ्या बघून. इथं बसला बत्ती लावून. थोड्या वेळानं आपणच बोलला, जाऊ दे, शांत करतो, शनिवारी पावण्यांना लागंल. बत्ती विझवतो असं नाय बोलायचा कधी, शांत करतो बोलायचा. रात्री जेवला चांगला. सकाळी मी उठवायला गेले तं...

हर्षाली : असू दे, आई.

कमळ : शेंगा वाळल्या. बियाणाला ठेवल्यात मी, गाडग्यात. जाताना नेऊ नको. इथंच लावायच्या.

हर्षाली : नाही नेत.

कमळ : लाव आता. काडी आधी की चावी आधी?

हर्षाली : काडी आधी. चावी आधी फिरवली तर आत गॅस साठून भडका होतो, मेंटल फुटतं. काडीपेटी दे.

कमळ : नवीन जाळी बांधायची नाय ना?

हर्षाली : नको. हीच धड आहे. त्याची.

कमळ : मंग काडी खालनं घाल. काठाला धर, जाळीला नको लावू. हां, आता चावी फिरव.

हर्षाली : ...लागली.

कमळ : हात जोड.

हर्षाली : जोडले.

कमळ : आवाज ऐक तिचा. तो बोलायचा, हिचा आवाज सुरू झाला की घरात तिसरं माणूस आल्यासारखं वाटतं. मोठी कर थोडी, कोपऱ्यात पोचत नाय उजेड.

हर्षाली : बारीकच असू दे. पुरेल जास्त.

कमळ : कशाला पुरवतेस? पिशवीत हायत ना दोन.

हर्षाली : ते बाबानं बसवलेले नाहीत.

कमळ : ...बरं. राहू दे बारीक. उद्या सकाळच्या गाडीनं जाणार ना तू?

हर्षाली : जायला हवं. रजा संपली.

कमळ : मंग बस त्याच्यापाशी. मी चुलीवरचा भात बघते. डबे आणलेत ते सांग त्याला. कितीदा ओट्यावरनं फाट्याकडं बघत तुझी वाट बघायचा.

हर्षाली : आई, थांब ना.

कमळ : माझं रोजचं बोलणं चालू असतं त्याच्याशी. तू बोल.

हर्षाली : ...बाबा. डबे आणलेत. देवजीमामाकडे नाही दिले, मीच आणलेत. ...तुझा अजून संपला नाही. मी बघितला हलवून. ...खोलीत वारा येत नाही, बाबा. खिडकीसमोर भिंत आहे. शेजारच्या बाईंनी अजून माझं नावही विचारलं नाही. मी इथं आले की परत गाडीत चढवत नाही, म्हणून डबे देवजीमामाच्या हातात द्यायचे. ...तू विचारायचास ना, दर वेळी? नाय करमत, बाबा. मला तिकडं करमत नाय.