नीरफणसाची पानं

डिचोलीच्या स्टँडवर पणजीच्या बसची रांग हलत नव्हती. विनिताचे कान मात्र पुढच्या दोघा शेजाऱ्यांकडे लागले होते.

“सदाशिवबाब, अंगण लखलखीत झाडलंत हो सकाळी!”

“परवा चवथ ना, वैनी. पाहुणे येणार.”

“आणि पाला?”

“रोजच्यासारखा गटारात लोटला. पाऊस नेतो की.”

“नेतो तर! विसर्जनाच्या डोहात नेऊन ठेवतो.”

“तिथे सगळ्या वाड्याचा कचरा असतो.”

“असेल बाबा. काल पाहिली ती पानं मात्र सुपाएवढी, नीरफणसाची. वाड्यावर नीरफणस कुणाच्या दारात आहे?”

“...आता गोवा राज्य झालंय, वैनी. माणसं पाठवतील डोह उपसायला.”

“पाठवतील ना. पण गणपती दीड दिवसाचा. तेवढ्यात राज्य पोचेल?”

“पाणी किती उरलंय?”

“पाला कुजून गाळ झालाय. पाणी माझ्या गुडघ्याएवढं. यंदा नातीच्या हट्टापायी मूर्ती केवढी सांगितलीत?”

“कमरेएवढी.”

“मग पाय तेवढे बुडतील. बाकीचा देव परत घरी न्या, नात खूश होईल.”

“पुरे हो चेष्टा.”

“अहो, कुठे निघालात? बस आली!”

“तुम्ही जा पणजीला. तुमचं पाला ओढायचं दाताळं कुठे असतं?”

“गोठ्याच्या भिंतीला. टोपलीही सकाळीच बाहेर काढून ठेवलीय.”

विनिता रांगेत एक पाऊल पुढे सरकली.