जहुराने बाबांना विचारलं

हॅलो?... हो गं रुचिता, आईच बोलतेय. आत्ताच नैवेद्य दाखवला, मौन सुटलं... नाही, जेवले नाही अजून. जेवेन. आधी सांग, रविवारचा टेम्पो ठरवलास का?... मग थांबव त्याला... अगं, रद्द कर नाही म्हणत मी. थांबव.

नाही गं, पडलेबिडले नाहीत. बाबा छान आहेत. पडवीत खुर्चीवर बसलेत.

हो, हो… अगं ऐक ना. सकाळी जहुरा आली होती... पलीकडच्या वाडीतली गं, रफिकची बायको. पपनस घेऊन आली. मी पूजेला बसलेली. श्रावणात पूजा आटपेपर्यंत मी बोलत नाही, हे तिला ठाऊक. मला हातानंच 'चालू द्या' म्हणाली आणि बाबांच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही ना आता... मी नाही सांगितलं! तिचं तिनं बघून ओळखलं.

तर म्हणाली, "दादा, रविवारी खारघरला चाललात?" बाबा म्हणाले, "हो."... तेच ना! आपल्यालाही 'हो'च म्हणाले होते. पण ही तिथं थांबली नाही. म्हणाली, "दादा, मी कृष्णाबाई ना? तुमच्याकडं भांडी घासते ती?" बाबा म्हणाले, "हो."

हसू नकोस गं. मलाही आधी हसू आलं, मग लक्षात आलं. फाल्गुनात अर्धांगाचा झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द पटकन येतो त्यांच्या तोंडात. आणि त्या एका 'हो'वर आपण घर हलवायला निघालो.

हो, सांगते ना. मग तिनं एक सुपारी घेतली आणि तिच्या कमरेची चावी काढली. दोन्ही त्यांच्यापुढं ठेवल्या. "सुपारी म्हणजे इथं, आपल्या श्रीवर्धनात. चावी म्हणजे तिकडं, रुचिताच्या घरी." बाबांनी सुपारी उचलली... अगं, मलाही तेच वाटलं! डाव्या हाताशी होती म्हणून उचलली असेल. पण तिलाही वाटलं ना ते. तिनं जागा बदलल्या, सुपारी लांब, चावी जवळ. बाबा वाकले, चावी ओलांडली आणि सुपारीच घेतली.

आणि मग ती गप्प बसली. किती वेळ! बाबांचे ओठ हलताहेत, शब्द येत नाही. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, 'घाबरलेत गं, आठ दिवसांत रुळतील तिकडं.' मौन नसतं ना, तर बोललेच असते. इतके महिने तेच करतेय. ते सुरू करतात, मी संपवते. आणि मला आपलं वाटतंय, सेवा करतेय.

बोलले. हो, शब्द बोलले. "मला... विचारलं... नाही."

...रुचिता? आहेस ना?

नाही गं, हे असं बोलणं कुठं शिकायला जाणार ती! मौन सुटल्यावर पहिलं तेच विचारलं मी तिला. म्हणाली, "ताई, आमचे हे ओमानला होते तेव्हा फोनवर बोललेलं पोचायलाच वेळ लागायचा. मध्ये आपण बोललो की त्यांचं पण गेलं, आपलं पण गेलं. अकरा वर्षं तशी काढली." मी इतकी वर्षं मौन पाळते बघ, पण मनात सगळ्या आळीशी भांडत असते. तिचं गप्प बसणं निराळंच.

हो, डॉक्टर तिकडं जवळ, खरं आहे. मला एकटीला त्यांना उचलवत नाही, तेही खरं. कदाचित जावंच लागेल, बाळा. पण ते त्यांच्याशी बोलून ठरवू.

आता विचारतेस? विचार. एकच प्रश्न विचार, आणि थांब. 'हो' आलं तरी धरून चालू नकोस... नाही, रडू नकोस. तू रडलीस की ते तुलाच समजावत बसतील आणि त्यांचं सांगायचं राहील. डोळे पूस. पूस आधी.

थांब हं, नेते फोन... अहो. रुचिता आहे. मी तिला सुपारीचं सांगितलंय, बाकी तुम्ही सांगा... कुठं जात नाहीये, आतच आहे. हात सोडा ना. इथं बसले तर मीच बोलत राहीन. घ्या... ह्या कानाला.