पलीकडची

…आणि वर मलाच विचारतात, "सूनबाई, तू कुठल्या रकान्यात बसतेस गं?" बसतेस! रकाना म्हणजे काय बाकडं आहे, की जरा सरका हो, मी टेकते? लग्नाला तेव्हा चार महिने झालेले, तरी या घरात जेवायला कुठं बसायचं ते पक्कं नव्हतं. खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंची, पंख्याखालची सासऱ्यांची, उरलेल्या दोनांतली एक ह्यांची, आणि दुसरीचा पाय डुगडुगायचा म्हणून ती माझी… पण मी काही बोलले नाही.

तर झालं काय, शिरगणती सुरू झाली. आमचं गाव, आमचं म्हणजे ह्यांचं, चाळीस-एक हजार वस्तीचं, धड शहर नाही की धड खेडं नाही, पण ऐट अशी की नगरपालिकेच्या दारातच हा भलामोठा बोर्ड लावलाय, गावात कोण किती आहेत त्याचा! मूळचे इतके टक्के, बोटवाले इतके, डोंगरी इतके, आणि सगळ्यात खाली, पायपुसण्याच्या उंचीवर, 'इतर'. मूळचे म्हणजे जे आधीपासून इथंच होते ते. बोटवाले म्हणजे ज्यांचे खापरपणजे बोटीतून उतरले. डोंगरी कुठून आले ते सांगायला नकोच. नाकावरून ओळखता येतं म्हणे, रंगावरून, केसांच्या वळणावरून… तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून मी निरखून बघतेय, दुपारी दोनला बसच्या रांगेत सगळे मला एकाच रंगाचे आणि एकसारखेच वैतागलेले दिसतात!

आणि हा बोर्ड कुणी रंगवलाय? आमच्या सासऱ्यांनी. नगरपालिकेत रंगारी होते ना, आता निवृत्त झालेत, तरी बोर्डासाठी बोलावणं त्यांनाच येतं. लग्नाची नोंद करायला गेलो तेव्हा हे सही करत होते आणि मी तो बोर्ड वाचत होते. वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. आम्ही नाहीच!

आम्ही म्हणजे काठकरी, नदीच्या त्या काठावरचे. हे आमचं आम्ही लावलेलं नाव. इथं ते कुणाच्या गावीही नाही; इथले आम्हाला सरसकट 'पलीकडचे' म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, मोजायला येतील ना, तेव्हा आपलं लिहून घे हं. एवढ्या गावात आपलं एकही माणूस नाही असं नको निघायला." मी म्हटलं, "घेते." आईशी मी बोलते. इथंच काय ते…

असो! आल्या मोजणीच्या बाई. शाळेतल्या शिक्षिका, गुडघा दुखणाऱ्या, पेन्सिल दोऱ्यानं गळ्यात बांधलेली, हातात तक्त्यांचा गठ्ठा. त्यांच्या मागोमाग आमच्या आतेसासूबाई हजर! त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, तिथली मोजणी आदल्या दिवशीच झालेली, पण भावाच्या घरी काय लिहितात ते बघायला नको? सासरे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पंख्याखालच्या खुर्चीत ताठ बसले आणि बाईंनी विचारायच्या आत म्हणाले, "लिहा. मूळचे. पिढ्यान्‌पिढ्या!"

"कुणाच्या पिढ्यान्‌पिढ्या?" आतेसासूबाई म्हणाल्या. "दादा, आजोबा बोटीतून उतरले की रे! पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे."

"ते फिरायला गेले होते," सासरे म्हणाले. "परत आले."

"वयाच्या पंचविशीपर्यंत फिरत होते? जन्मल्या जन्मल्या निघाले वाटतं फिरायला!"

"छबे, तू गप्प बस."

"मी काल बोटवाले म्हणून लिहून दिलंय. सहीनिशी!"

आता बघा हं, सख्खे भाऊ-बहीण, नाक तेच, कान तेच, रागावल्यावर डावी भुवई उडते तीसुद्धा तीच, आणि कागदावर सासरे मूळचे आणि त्या बोटवाल्या! सासूबाई मधे पडल्या, "वन्सं, लोक काय म्हणतील? ह्यांनी हातानं रंगवलाय तो बोर्ड, आणि हेच खालच्या ओळीत उतरायचे?" त्यावर आतेसासूबाई, "म्हणजे आम्ही खालच्या ओळीतले होय गं?" झालं! बाई पेन्सिल तोंडात धरून म्हणतात, "ज्यानं त्यानं स्वतः सांगायचं आहे, मला काही पुरावा नको," पण इथं ऐकतंय कोण? ह्यांनी तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज दिला, "माझं बाबांसारखंच लिहा, काय असेल ते." निकालात काढलं हो! वंश म्हणजे काय उसाचा रस आहे, 'बाबांसारखाच एक' सांगायला?

मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. मनातल्या मनात वाक्य घोकत होते, 'बाई, मी काठकरी, बाई, मी काठकरी…' आता विचारतील, मग विचारतील. तेवढ्यात सासऱ्यांचं लक्ष गेलं माझ्याकडे, आणि मग तो प्रश्न आला, "सूनबाई, तू कुठल्या रकान्यात बसतेस गं?" माझा 'का' अजून ओठावर यायचाय, तर सासूबाई म्हणाल्या, "या घरात आली, म्हणजे आपल्यातली." आतेसासूबाई म्हणाल्या, "आपल्यातली म्हणजे नक्की कशातली, ते आधी ठरवा!" आणि सासरे हात झटकून म्हणाले, "ओढाताण कशाला? ती पलीकडची."

बाईंनी मान वर न करता विचारलं, "पलीकडची?"

"हो, पलीकडचीच!" तिघांनी एका सुरात सांगितलं. सकाळपासून एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं हो!

"बरं, मग तिकडे मोजते," बाई म्हणाल्या. दारावर खडूनं '३' लिहिलं आणि चपला घालून शेजारच्या घरी गेल्या.

कळलं ना काय झालं? त्यांना वाटलं, मी भिंतीपलीकडची! शेजारीण, ग्लास परत न्यायला थांबलेली! आणि घरात कुणाला पत्ता नाही, तिघंही पुन्हा पत्र्याच्या पेटीवर चढलेले, "पेटी कुणाची?", "पेटी विकत घेतलेली!" आणि हे शब्दकोड्यात. मी तो '३' बघत राहिले. चांगला ठळक काढला होता, शाळेतला. आणि तुम्हाला सांगते, तरीही मी काही बोलले नाही! का, तर सुरुवात कशी करायची? 'अहो, ऐकलंत का, तुमची बायको वजा झाली'?

आमची भिंत एकेरी विटेची. शेजारच्या काकूंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "कोण, ती उंच, बारीकशी? छे हो बाई, ती आमची कुठली? ती पलीकडची!"

"अहो, पलीकडचे म्हणतात ती पलीकडची!" मोजणीच्या बाई म्हणाल्या.

"बरोबरच बोलतात की, आहेच ती पलीकडची!"

आता बोला! इकडचे म्हणतात पलीकडची, तिकडचे म्हणतात पलीकडची, आणि दोघंही अगदी खरं बोलताहेत! मधे राहिली ती एकेरी वीट. तीत मोजा मला. बाईंनी सरळ काहीतरी खोडल्याचा आवाज आला… म्हणजे आवाज कसा येईल, पण मला आला हो. आणि मग त्यांच्या चपला जिना उतरायला लागल्या, फटक, फटक, दुखरा गुडघा सांभाळत. माझ्या डोळ्यांपुढे आई. फोन कानाला लावून बसलेली. "लिहिलं का गं?"

मी धावले. ग्लास हातात तसाच, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात सासऱ्यांची. वळणावर गाठलं त्यांना, आणि चार महिन्यांत साठलेला सगळा आवाज एकदम निघाला, "बाई! मी भिंतीपलीकडची नाही, नदीपलीकडची आहे! राहते याच घरात, डुगडुगत्या खुर्चीवर! आणि पलीकडची नाही, काठकरी! लिहा, का-ठ-क-री!"

अख्ख्या जिन्यानं ऐकलं. दारं उघडली. सासूबाई कठड्याशी येऊन म्हणाल्या, "अगं बाई, हिला आवाज आहे!"

बाईंनी शांतपणे पेन्सिल ओली केली. "काठकरी. एकूण किती?"

"एक," मी म्हटलं. आणि हातातलं पाणी त्यांना दिलं.

परत येऊन '३' चा '४' केला. माझ्या हातानं केला.

सहा महिन्यांनी आकडे आले. सासऱ्यांना बोलावणं आलं. आठ दिवस शिडीवर होते, आणि घरी येऊन कुरकुर, "सूनबाई, तुझ्या एका ओळीसाठी अख्खा बोर्ड नव्यानं आखावा लागला. 'इतर' ला जागाच उरेना." पण बघायला आम्हाला सगळ्यांना तेच घेऊन गेले. खालून दुसरी ओळ, 'काठकरी', काय सुरेख वळण! 'ठ' ला तर खास गोलाई दिलेली. पुढे संख्या, १. त्यापुढे टक्के, ०.००.

म्हणजे मी आहे, पण शून्य टक्के आहे. सासरे म्हणाले, "चाळीस हजारांत एकाचं एवढंच येतं गं, पण शून्यं बघ कशी ठसठशीत काढलीत." तिन्ही माझ्यासाठी! आईला सांगितलं, तर तिनं टक्क्यांचं ऐकलंच नाही. "एक आहे ना? मग झालं तर!"

आणि सासूबाई? ज्या 'आपल्यातली' म्हणत होत्या, त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "सबंध गावात एकच आहे, आणि ती आमच्याकडे!" जशी काही मी परदेशातून आणलेलं घड्याळच. परवा जेवताना म्हणाल्या, "पुढची मोजणी दहा वर्षांनी. तोवर एकाचे दोन-तीन व्हायला हवेत बाई, टक्का जरा वर सरकेल." ह्यांना ठसका लागला. सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "होऊ देत की! पण ती मुलं मूळचीच लिहायची."

"काठकरीच म्हणायची!" सासूबाई म्हणाल्या. "बोर्डावर ओळ आयती आहे ना?"

"बोटवाले!" दारातून आतेसासूबाई ओरडल्या. ह्या कधी आल्या कोण जाणे! "पेटी खाली काढा आधी!"

आणि मग तिघं मिळून जे सुरू झाले… नसलेल्या मुलांवरून हो! हे मान खाली घालून जेवत होते. मी माझी खुर्ची सावरली. तिच्या पायाखाली सासऱ्यांकडच्या जुन्या मोजणीच्या कागदाची घडी सारली, आता ती डुगडुगत नाही…

आणि काही बोलले नाही.