‘कॅनॉट’नंतर काय येतं

दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. दोघींच्या मधे व्हीलचेअरवर वडील.

“नव्या डॉक्टरांना इंग्रजीच कळतं. यांच्याबद्दल काय सांगशील?”

“बोलू न शकणारे शिक्षक. म्हणजे, ‘अ टीचर हू कॅनॉट टू स्पीक.’”

“जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि झटका आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही.”

“टू... नको.”

“बाबा?”

“कॅनॉट...नंतर टू... येत नाही. हू कॅनॉट... स्पीक.”

“अगं बाई, बोलले हे. तू मुद्दाम चुकलीस ना गं?”

“नाही गं आई, मला खरंच येत नव्हतं.”

“अजून... चूक आहे.”

“आता कुठली, बाबा?”

“कॅनॉट... काढ. हू कॅन स्पीक. असं... सांग डॉक्टरांना.”