वाळूतली साक्षीदार

‘थोरलीच्या एकटीच्या सांगण्यावर आता डॉक्टरांचा विश्वास बसत नाही हो, पण ही नवीनसुद्धा कमीच बोलते, बरं झालं’ — अगदी अश्शाच शब्दांत म्हणाल्या सासूबाई, गोल्फ क्लबातल्या बुटांच्या कपाटामागे, सासऱ्यांना. आणि मी कपाटाच्या अलीकडे, एका पायात बूट, दुसरा पाय हवेत. आता ही नवीन म्हणजे कोण? तू. अगं, दचकू नकोस — दचकलीस की खांदे वर जातात, खांदे वर गेले की स्टिक बॉलच्या डोक्यावर बसते, आणि बॉल ह्या वाळूच्या खड्ड्याच्या समोरच्या भिंतीत जाऊन रुततो. बघ, रुतला. असू दे. माझे कितीतरी आहेत त्या भिंतीत, उकरले तर पिशवी भरेल. दुसरा घे. आणि स्टिक वाळूला टेकवू नकोस! मारायच्या आधी टेकवली तर दंड बसतो — म्हणजे नियमात बसतो, आमच्या घरात कोणाला काय बसतं ते वेगळं.

पाय रोव आधी. चप्पल हरवल्यासारखे नको चाचपडूस, नीट रोव, बुटात वाळू गेली तरी चालेल, ती जातेच — लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी बुटांतून, केसांतून, कानांतून जेवढी वाळू घरी नेली तेवढ्यात एक न्हाणीघर बांधून झालं असतं. शिकवायला सगळेच होते. मी खाली खड्ड्यात आणि हे सगळे वर काठावर, रांगेनं, विहिरीत मांजर पडल्यावर उभे राहतात तसे. सासरे म्हणायचे मान खाली, सासूबाई म्हणायच्या मान वर, नवरा म्हणायचा मानेचा विचारच करू नकोस, मोकळी सोड — तुझा हा, म्हणजे माझा धाकटा दीर, काहीच म्हणायचा नाही, फोन बघायचा. तो तसा चांगला आहे हं. खरंच. फक्त त्याच्या पँटच्या खिशाला भोक आहे. म्हणजे असं घरात सगळे मानतात — झाडीत हरवलेला बॉल हा शोधायला गेला की हमखास मिळतो, तोही गवताच्या छान मऊ जागेवर, आणि नवा कोरा. भोक शिवायचं मात्र कोणी नाव काढत नाही. तू... तुला माहीत नव्हतं होय हे? जाऊ दे. मी बोलायला नको होतं. खेळ.

नाही, बॉलकडे बघू नकोस. हीच तर गंमत आहे, आणि हे त्या चौघांपैकी एकानंही मला सांगितलं नाही — बॉलला मारायचंच नाही. बॉलच्या मागे दोन बोटं जागा सोडून वाळूला मारायचं, जोरात, भीड न ठेवता, आणि स्टिक पुढे न्यायची. वाळू उडते आणि वाळूबरोबर बॉल आपोआप बाहेर जातो. मला सुरुवातीला वाटायचं आपण हळू मारलं तर बरं, नवीन घर, नवीन माणसं, उगाच कोणाच्या डोळ्यात वाळू नको. हळू मारलं की तो दोन वीत पुढे जातो आणि घरंगळत पुन्हा आपल्याच पायाशी येऊन बसतो. मग काठावरून ‘अरेरे’. मी चार-चारदा मारत बसायची आणि तोवर ह्यांचे बॉल एकेक करून त्याच खड्ड्यात यायचे — हो, त्यांचेही यायचे, काठावर उभं राहून शिकवणाऱ्यांचेही बॉल वाळूतच पडतात, फक्त ते तिथे फार वेळ राहत नाहीत.

कसे बाहेर जातात सांगू? नको, राहू दे. बरं, सांगते — पण तू मारत राहा, तिकडे चहाच्या खोलीच्या खिडकीतून बघतायत, दोघी नुसत्या उभ्या दिसल्या तर येतील. तर पहिल्यांदा काय झालं, मी खड्ड्यात, आणि सासऱ्यांचा बॉल पडला माझ्या शेजारीच. ते उतरले खाली, ‘ऊन फार आहे नाही आज’ म्हणाले, मी वर बघितलं — आणि बूट हलला. एवढंच. बॉल काठावर. मग स्टिक फिरवली हवेत, थोडी वाळू उडवली वर, आणि ओरडले, ‘एका फटक्यात! विचारा सूनबाईंना!’ वर डॉक्टर उभे होते, समोरच्या बंगल्यातले, त्यांच्याशी आमची खेळायची आणि न बोलायची दोन्ही जुनी सवय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? नव्या घरातली पोर — मी हसले. आणि त्या हसण्याचा शिक्का झाला बघ. कारण एवढ्या खोल खड्ड्यातली माणसं वरून खांद्यापर्यंत दिसतात, पायाशी काय चाललंय ते दिसत नाही, आणि आमच्या क्लबात रीत अशी की खाली जो असेल त्याचा शब्द धरायचा. आणि खाली कायम कोण? मी. नवऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी — तो हातानं फेकतो. मूठभर वाळू आणि बॉल एकदम, वरती वाळूचा फवारा दिसतो ना, कोणाला संशय येत नाही, फार सफाई आहे हो हाताला, लग्न ठरताना मला सांगितलं होतं की त्याचा वाळूतला खेळ बघण्यासारखा आहे. आहेच. मी जवळून बघितलाय. सासूबाई तेवढ्या पायानं किंवा हातानं काही करत नाहीत. त्या फक्त फटके मोजताना विसरतात.

आणि मला एक गोष्ट फार उशिरा कळली — मला कोणी नीट का शिकवत नाही ती. अगं, मी बाहेर पडायला शिकले तर खाली उभं कोण राहणार? एकदा चुकून माझा बॉल पहिल्याच फटक्यात बाहेर गेला, तर नवरा म्हणतो, ‘छान, पण घाई करू नकोस.’

तुला वाटेल बाई खेळाचं एवढं काय घेऊन बसलीय. खेळाचं नाहीच गं. मी डोळे तपासते, चष्म्याच्या दुकानात, माहीतच असेल तुला — दिवसभर माणसं माझ्यासमोर बसून खालची ओळ अंदाजानं वाचतात, दिसत नसताना दिसतंय म्हणतात, आणि मी म्हणते, नाही काका, नीट बघा, घाई नाही. तिथं मी बोलते! तिथं मला कोणी कमी बोलणारी म्हणत नाही. आणि घरी मागच्या आठवड्यात जेवताना सासरे म्हणाले, ‘आता ते दुकानाचं पुरे, घरातच रमायला आवडेल ना?’ मी पाण्याचं भांडं घेऊन उभी. मी — हसले. सवयच लागली. झालं, ठरलं! नवरा म्हणाला, ‘बघा, तिचीही हरकत नाही.’ सोमवारी दुकानात सांगायचं, मालकांशी तोच बोलणार आहे. खड्ड्यातल्या माझ्या हसण्यावर त्यांचे बक्षिसाचे कप आले आणि घरातल्या हसण्यावर माझी खुर्ची गेली. मला स्वतःचीच कमाल वाटते गं, मी चार शब्दसुद्धा बोलले नाही आणि एवढं सगळं ठरवून बसले!

हा, हा बघ, हा बरा होता, अर्ध्यापर्यंत गेला. मनगट नको उचलूस. आण ती स्टिक, एकदा दाखवते — पाय रोवले, तोंड उघडं ठेवलं स्टिकचं, असं आकाशाकडे, दोन बोटं मागे, आणि... बघितलंस? वर गेला, थांबला. शू! ओरडू नकोस. हे कोणाला माहीत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी येते इथं, एकटी, काठावर कोणी नसतं, सगळे बॉल बाहेर जातात माझे. मग रविवारी ह्यांच्यासोबत येते आणि चार-चारदा मारते. कशाला म्हणजे? अगं, घरात शांतता राहते. म्हणजे तसं मला वाटायचं.

आज सकाळी खाली खड्ड्यात काय झालं ते तुला सांगितलं का कोणी? नसेलच. कुटुंबांचा कप आहे, शेवटच्या होलला आम्ही आणि डॉक्टर बरोबरीत, आणि सासऱ्यांचा बॉल खड्ड्यात, आणि मी अर्थात खड्ड्यात. पुन्हा बूट. पण या वेळी डॉक्टर अडून बसले — म्हणाले, दरवेळी सूनबाईच कशा असतात खाली? कप कपाटात बंद, चहा झाल्यावर मला सगळ्यांदेखत विचारणार आहेत. मला म्हणजे — आपल्याला. तू तेव्हा काठावर उभी होतीस ना, म्हणून. म्हणून तर सासूबाईंनी आपल्याला इथं धाडलं, ‘दोघी जरा वाळूत खेळा, ओळख होऊ दे.’ नवऱ्यानं जाता जाता कानात सांगितलं, ‘तू काही बोलू नकोस, फक्त हस.’ तुला काही सांगितलंय का धाकट्यानं? ... सांगितलंय. चेहऱ्यावर दिसतंय. आणि तू काय केलंस? हसलीस. अगं बाई.

मी तुला काही कर म्हणत नाही हं. तुझं तू बघ. तो प्रेमळ आहे, खिसा सोडला तर. मी आपली शिकवायला आले होते, आणि बघ काय काय बोलत बसले, लग्न झाल्यापासून एवढं बोलले नसेन. घे तुझी स्टिक. दाताळं कुठंय, वाळू सारखी करून ठेवावी लागते, आपण इथं होतो हे दिसता कामा नये — नको, राहू दे तशीच.

आले बघ. सगळेच आलेत की, डॉक्टरही. तू तिकडे नको बघूस, तू खेळ. — हो बाबा, झाला आमचा सराव. नाही, वर नाही येत, इथूनच सांगते, ऐकू येईल सगळ्यांना. नाही हो, तिला नका विचारू, तिला काठावरून काही दिसलेलं नाही, मला दिसलंय. आई, मी हसत नाहीये. — बाबा, फटका नव्हता तो, पायानं ढकललात तुम्ही, आजही आणि मागच्या प्रत्येक वेळी, मी शेजारीच उभी होते. आणि सोमवारी दुकानात कोणी काही सांगायचं नाही, मी कामावर जाणार आहे.