आपला माणूस

जान्हवी: नाही पप्पा, दोन्ही गुडघे टेक. आता हात जोड आणि माझ्या हातांत दे.

उज्ज्वल: असे?

जान्हवी: हां. मी लॉर्ड, तू व्हॅसल. गुरुवारी क्लाससमोर करायचंय. जरा सीरियसली कर ना.

स्नेहल: व्हॅसल म्हणजे कोण गं?

उज्ज्वल: मांडलिक.

स्नेहल: अस्सं. आज भर दुपारीच ऑफिसातून आलात. बरं नाही का?

उज्ज्वल: बरं आहे.

जान्हवी: मम्मी, डिस्टर्ब नको करू ना. पप्पा, म्हण, 'मी तुमचा माणूस झालो.'

उज्ज्वल: मी तुमचा माणूस झालो.

जान्हवी: मग लॉर्ड प्रॉमिस करतो. जमीन देईन, प्रोटेक्ट करीन. आणि व्हॅसल त्याच्यासाठी फाइट करतो.

स्नेहल: हे तर तुमच्या साहेबांचं, निशिकांत सरांचंच झालं. त्यांनी तुम्हाला पुण्याहून इथं परदेशात आणलं, नोकरीचा पास काढून दिला. तुम्ही त्यांच्या कॉन्डोतली कपाटं उचलता, आणि दर दिवाळीला माझे अनारसे त्यांच्या डब्यात. वर त्यांनी चारचौघांत खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, 'उज्ज्वल आपला माणूस आहे.'

उज्ज्वल: आजही तेच म्हणाले.

स्नेहल: काय झालं आज?

उज्ज्वल: मंदी आहे. टीममधून एकाला कमी करायचं होतं, नाव सरांनी द्यायचं होतं. माझ्याऐवजी तन्मयचं नाव दिलं असतं, तर तो वरपर्यंत भांडला असता. म्हणाले, उज्ज्वल आपला माणूस आहे, तो समजून घेईल.

स्नेहल: म्हणजे तुम्हाला काढलं.

उज्ज्वल: हो.

स्नेहल: आणि पास?

उज्ज्वल: नोकरीबरोबर तोही जातो. महिनाभर राहू देतील, मग परत.

जान्हवी: मग माझी स्कूल?

उज्ज्वल: गुरुवारपर्यंत आहोत आपण, बेटा.

स्नेहल: तुम्ही काय म्हणालात त्यांना?

उज्ज्वल: थँक यू म्हणालो.

स्नेहल: थँक यू?

उज्ज्वल: खाली नेऊन कॉफी पाजली त्यांनी. मला साखर कमी लागते, तेही लक्षात होतं त्यांच्या.

स्नेहल: अहो, पाटलापुढं 'जोहार मायबाप' म्हणणार नाही म्हणून तुमच्या आजोबांनी गाव सोडलं. भरल्या घरानिशी नागपूरच्या गिरणीत आले. दर चौदा एप्रिलला तुम्हीच सांगता ना हिला, बाबूराव आजोबा कसे ताठ मानेनं निघाले ते?

उज्ज्वल: आजोबांचं सोपं होतं गं. पाटील त्यांना सावलीतसुद्धा उभा करत नव्हता. मला सर सोफ्यावर शेजारी बसवायचे. म्हणायचे, तू घरचाच. घरच्या माणसापुढं मान किती वाकली, हे कळतच नाही.

स्नेहल: राग नाही येत तुम्हाला?

उज्ज्वल: यायला हवा. मघापासून शोधतोय. हाताला लागत नाही.

स्नेहल: मला येतोय. सकाळीच सरांच्या बायकोचा, प्रणितावहिनींचा फोन होता. रविवारी सरांची आई यायचीय, उज्ज्वलना चांगी एअरपोर्टवर घ्यायला पाठव म्हणाल्या. मी हो म्हणून बसले. तेव्हा त्यांना ठाऊक असेल का हो, तुमचं?

उज्ज्वल: असेल. जाईन मी.

स्नेहल: जाल?

उज्ज्वल: म्हातारी दुसऱ्या कुणाचा हात धरत नाही. तिचं काय चुकलं?

स्नेहल: आणि आपलं काय चुकलं?

उज्ज्वल: ते विचारायचं राहून गेलं.

जान्हवी: पप्पा, लॉर्डने प्रॉमिस तोडलं तर व्हॅसल फ्री असतो. टीचर म्हणाली. एक काडी घ्यायची आणि त्याच्यासमोर जमिनीवर फेकायची. मग फिनिश. तो आता त्याचा माणूस नाही.

स्नेहल: आपल्याकडं काडीमोड म्हणतात, तसलंच काहीतरी. पण ती नवराबायकोची.

जान्हवी: थांब, काल हॉकर सेंटरमधून साते-कबाबच्या काड्या आणल्यात मी, प्रॉपसाठी. आणते.

(जान्हवी आतल्या खोलीत जाऊन येते. उज्ज्वल अजून गुडघ्यांवरच, हात जोडलेले.)

जान्हवी: ही घे. मी लॉर्ड आहे असं समज आणि फेक.

उज्ज्वल: आधी हात तर सोड माझे.

जान्हवी: मी केव्हाच सोडलेत, पप्पा.